कर्नल तारानाथ विहिरीतून कसे निघाले

डोंबिवली (पूर्व)
रविवार, दुपारी

चि. सुदेश यास,

मधुकरचे आशीर्वाद. चि. सौ. विनितालाही सांग. देवरुखला थंडी पडली का? तुझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आता दोन महिने झाले असतील. बारीक अक्षरं नीट दिसतात का, ते अवश्य कळव. (ही नुसती प्रकृतीची चौकशी नाही, पण ते पुढे येईल.) माझी तब्येत बरी आहे. डावा कान तेवढा गार हवेत ठणकतो. आमच्या लग्नात कानपिळीच्या वेळी तू तो असा पिळलास की गुरुजींनी मंत्र थांबवून तुझा हात सोडवला होता. अकरा वर्षांच्या मुलात एवढा जोर कुठून आला, याचं मला नेहमी नवल वाटत आलं. मानाचा म्हणून तुला निळ्या चौकड्यांचा शर्टपीस दिला होता. तो तुला आवडला नसावा, अशी माझी तेव्हापासून समजूत आहे.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर मी "बरं आहे, ठेवतो" याच्या पुढे जात नाही हे तू जाणतोस. आणि जे लिहायचं आहे ते फोनवर सांगितलं तर मला वेड लागलंय असं तुला वाटेल. कागदावर निदान तू ते दोनदा वाचून मग ठरवशील.

नीलाच्या तेराव्यानंतर तुम्ही सगळे आपापल्या गावी गेलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पलंगाखालचे सहा खोके बाहेर काढले. ते तिथे तीस वर्षं होते. आत नीलाची पोस्टातली जुनी कागदपत्रं असतील असं मी धरून चाललो होतो. (ती कल्याणच्या पोस्टात, मी एमआयडीसीतल्या कंपनीच्या प्रयोगशाळेत. ज्याने त्याने आपले कागद सांभाळावेत, अशी आमची न बोलता झालेली वाटणी होती.) उघडले तर आत गोष्टीची पुस्तकं. दोनशे बारा विज्ञानकादंबऱ्या, बहुतेक इंग्रजी, खिशात मावतील एवढ्या, मुखपृष्ठावर हिरव्या कातडीच्या बायका किंवा दोन सूर्य. आणि 'कर्नल तारानाथ' या चित्रकथेचे त्रेसष्ट अंक, किंमत साठ पैसे, छपाई अशी की लाल रंग सरकून कर्नलसाहेबांचे ओठ हनुवटीवर आलेले. तुला यात नवीन काही नसेल, कारण लग्नाआधी ती हे तुमच्या नौपाड्याच्या घरात जमवत होती. मला मात्र होतं. तिने काही लपवलं नव्हतं. मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

त्या दिवसांत हाताला काहीतरी काम हवं होतं. पुस्तक जपायचं म्हणजे त्याला कव्हर घालायचं, एवढंच मला लहानपणापासून माहीत. मी ब्राऊन पेपरच्या अकरा गुंडाळ्या आणल्या, मैद्याची खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घातलं आणि पंधरा दिवस बसून सगळ्यांना कव्हरं घातली. कव्हर सुटू नये म्हणून आतल्या दुमडी पानाला घट्ट चिकटवल्या. वर शाळेची मिळतात ती लेबलं लावली. नाव: कै. नीला मधुकर ओगले. विषय: अंतराळ. इयत्ता आणि तुकडी या जागा रिकाम्या ठेवल्या. (इयत्तेचा मी बराच विचार केला.) आत काय लिहिलंय ते वाचलं नाही. तेव्हा मी काहीच वाचत नव्हतो, नुसता चिकटवत होतो. काम झाल्यावर दोनशे पंच्याहत्तर तपकिरी पुस्तकं एका मापात रचून ठेवली आणि तिला आवडलं असतं असं मला वाटलं.

नीलाचा फोन मी अजून चार्ज करतो. एके दिवशी त्याच्यावर निरोप आला, "काकू, खूप दिवसांत आवाज नाही. ४१ चा काही पत्ता?" दोन दिवस विचार करून मी उत्तर दिलं, "त्या गेल्या. मी त्यांचा नवरा. ४१ म्हणजे काय?" लगेच फोन वाजला. पलीकडे डॉ. क्षिप्रा, ठाण्याला घोडबंदर रोडला दातांचा दवाखाना चालवते, वय अठ्ठावीस. तिलाही जुन्या चित्रकथांचा नाद आणि त्यातूनच दोघींची ओळख झालेली. पुढच्या रविवारी ती आली. दारातच रबरी हातमोजे चढवले, मास्क लावला, आणि मी पडदा बाजूला करून तपकिरी ढीग दाखवल्यावर वरच्या पुस्तकाची दुमड उलगडायला गेली.

"काका, ह्या सगळ्यांना?"

म्हटलं, सगळ्यांना.

"गोंद?"

"खळ. मोरचूद घालून."

ती म्हणाली, "काका, ब्राऊन पेपरमध्ये ॲसिड असतं. आतली पानं पिवळी पडून तुकडे होतात त्याने." सुदेश, मी पस्तीस वर्षं आम्लांत काढली. माझ्या सहीशिवाय कंपनीतून आम्लाचं एक पिंप बाहेर जात नसे. ती गेल्यावर मी कव्हराचा एक तुकडा पाण्यात भिजवून लिटमस बुडवला (थोडा लिटमस मी निवृत्त होताना घरी आणला होता). लाल. मग मोरचुदाचं पाणी घेतलं. तेही लाल. कंपनीत हा प्रकार घडता तर मी स्वतःलाच मेमो दिला असता. लेबल वाचून मात्र क्षिप्रा हसली. "विषय अंतराळ" असं दोनदा म्हणाली आणि मग तोंड फिरवून बराच वेळ चष्मा पुसत बसली. जाताना कव्हरं कशी काढायची ते तिने दाखवलं. ओला कापूस, दाढेत सिमेंट भरायची एक पातळ पट्टी, आणि दिवसाला चारच्या वर नाही.

तिच्याकडूनच कळलं की तारानाथांचे एकूण अंक चौसष्ट आणि नीलाकडे एक्केचाळीसावा नव्हता. कादंबऱ्या चाळल्यावर मी हे अंक वाचायला घेतले ते नुसतं बघावं म्हणून. चाळीसाव्याच्या शेवटी कर्नलसाहेब शनीच्या एका चंद्रावर कोरड्या विहिरीत पडलेले आहेत. पालीच्या तोंडाचा प्रधान वरून झाकण लावतो आहे. नळीत अकरा मिनिटांचा प्राणवायू उरला आहे. (विहिरीचं आकारमान चित्रावरून मोजून पाहिलं. आतली हवा धरली तर आणखी बराच वेळ निघतो, पण त्या चंद्रावर हवाच नाही.) बेचाळीसाव्याच्या पहिल्या पानावर साहेब आपल्या आईकडे पाटावर बसून श्रीखंडपुरी खात आहेत, हात गळ्यात बांधलेला, आणि शेजारी तोच प्रधान बसून त्यांना वारा घालतो आहे. विहिरीतून निघणं एक वेळ समजेल. पण प्रधान? बत्तीस पानांत असं काय झालं की तो माणूस, म्हणजे ती पाल, वारा घालायला लागली? मला यावर झोप लागेनाशी झाली. वर्षश्राद्धाच्या आत तो अंक शोधून त्या रिकाम्या जागी ठेवायचा, असं मी ठरवलं. कुणाला सांगितलं नाही.

प्रथम शीळफाट्याजवळच्या एका रद्दीच्या गोदामात गेलो. साठीच्या पुढच्या माणसाने तोंडाने "चित्रांची पुस्तकं हवीत" असं म्हणणं फार अवघड असतं. मी दारात वही पेन घेऊन उभा राहिलो आणि सवयीने हवेचा वास घेतला. त्यांनी मला प्रदूषणवाल्यांचा साहेब समजून पंख्याखाली बसवलं, चहा मागवला, आणि मालकाने स्वतः मला सांडपाण्याची टाकी, जनरेटर आणि आग विझवायचे लाल डबे दाखवले. रद्दी सोडून सगळं दाखवलं. खरं सांगायची वेळ एकदा आली होती, पण तेवढ्यात त्याने टाकीतल्या पाण्याला फेस का येतो हे विचारलं, आणि ते मला येत होतं. तासभर समजावून सांगितलं. निघताना ते म्हणाले, साहेब, पुन्हा येताना आधी कळवा. आता तिकडे तोंड दाखवता येणार नाही.

मग कल्याणला गेलो, तानाजीच्या रद्दीच्या दुकानात. क्षिप्राने सांगितलं होतं की नीला दर शुक्रवारी पोस्टातून सुटली की तिथे जायची. (शुक्रवारी ती उशिरा यायची. पोस्टात गर्दी असते, असं मी समजत होतो.) तानाजी आता सत्तरीचा आहे. मी कोण ते सांगितल्यावर त्याने वजनकाट्यावरचे पेपर उचलले आणि मला बसायला स्टूल दिलं.

"म्हणजे तुम्ही ते लॅबवाले," तो म्हणाला. "बाई सांगायच्या, आमचे साहेब एक शब्द बोलत नाहीत, पण चहात साखर मोजून घालतात."

मी एक्केचाळीसची चौकशी केली. तानाजी म्हणाला, "अहो, तो आलेला की एकदा. बरीच वर्षं झाली. मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलेला बाईंसाठी. त्यांनी हातात घेतला, वास घेतला, परत ठेवला. म्हटलं, बाई, हाच ना? तर म्हणाल्या, हाच, पण असू दे, माझा आहे एका ठिकाणी. मग कोण तरी पुण्याचा येऊन घेऊन गेला."

एका ठिकाणी म्हणजे कुठल्या ठिकाणी? घरी येऊन मी माळा काढला, शिवणाच्या मशिनचं खोकं काढलं, देवघराखालचा खण काढला. देवघराखाली माझीच नोकरीची पहिली ऑर्डर सापडली. बँकेचा लॉकर उघडला, तिथे तिच्या पाटल्या आणि तुझ्या आईचा कुंकवाचा करंडा होता. एक्केचाळीस नव्हता. तेव्हा ते सोडून देऊन मी ओला कापूस आणि दाताची पट्टी घेऊन कव्हरं काढायला बसलो. ज्याने बिघडवलं त्याने निस्तरावं. आज सकाळी चाळीसाव्या अंकाचं कव्हर निघालं. पान फाटलं नाही.

बाकी सर्व ठीक. शेजारच्या सगुणाबाई दुपारची भाजी देतात. इमारतीच्या पुनर्विकासाची सभा पुन्हा पुढे गेली. वर्षश्राद्धाला तुम्ही दोघं आलात तर बरं वाटेल, पण रजेची ओढाताण करू नका. विनिताला सांग, आमसुलं पोचली. तुझ्या डोळ्यांची काळजी घे.

तुझा,
मधुकर

ता. क. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. मुद्द्याचं लिहायचं राहिलं, असं नाही. लिहवत नव्हतं. चाळीसाव्या अंकाच्या मागच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, बरोबर जिथे मी दुमड चिकटवली होती तिथे, नीलाच्या अक्षरात चार ओळी आहेत. खाली आमच्या लग्नाची तारीख आहे. जशाच्या तशा उतरवतो. "४१ सुदेशला दिला. माळ्यावर चढून बसला होता, कान पिळायला मांडवात येईना. हा दिला तेव्हा उतरला. त्याच्याकडेच राहू दे. मागायचा नाही." म्हणजे माझ्या कानाचं कारण शर्टपीस नव्हतं. उगीच इतकी वर्षं मनाला लावून घेतलं.

ता. क. २. मागायचा नाही असं तिने लिहिलंय, तेव्हा मी मागत नाही. पाठवूही नकोस, आणूही नकोस. चाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये मी जाडीच्या मापाचा पांढरा पुठ्ठा उभा केला आहे (आम्ल तपासून), तो तसाच राहील. माझी विनंती एवढीच की डोळा साथ देत असेल तर तो अंक एकदा वाच, आणि कर्नल तारानाथ विहिरीतून कसे निघाले व प्रधान चांगला कसा झाला, ते सविस्तर लिहून कळव. पत्राने, फोनवर नको. इतकी वर्षं आम्ही समोरासमोर जेवलो, पण काय वाचतेस हे मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारण्यासारखा तूच आहेस.

ता. क. ३. अंकाला कव्हर घातलेलं असेल तर काढ. ओला कापूस वापर.

ता. क. ४. हरवला असेल, तर तसं मात्र कळवू नकोस. मनाने लिही. मला ओळखता येणार नाही. फक्त अकरा मिनिटांत बसायला हवं.