न तुटणारी पट्टी

३ जून, सकाळी
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांची नंतर शोधत बसावं लागतं, माझी तयार असेल. कुंपणाला चिकटवायची पट्टी जवळपास झाली. आत बारीक तार. चोराने पट्टी उचकटली की तार तुटणार, सायरन बोंबलणार. गोदामवाल्या शेठची ऑर्डर मिळाली की आमची कारखान्याची शेड वाचली आणि बायकोचं तोंडही बंद.

७ जून
पहिली पट्टी हात लावताच फाटायची. लाज वाटली. नमुने कपाटात कोंबले. आता मजबूत प्लास्टिक वापरलंय. दोघांनी ओढली, तुटली नाही! पार्टनर म्हणजे बायकोचा भाऊ. तो म्हणतो, दाजी, ती तुटायलाच हवी. मत्सर. दुसरं काय!

११ जून
मेहुणा हल्ली फोन आला की बाहेर जाऊन बोलतो. म्हणे आत रेंज नसते. मला बरी असते! घरचा भेदी. कपाटाच्या दारावर नवी पट्टी लावली. आता उघडून दाखव.

१२ जून
सायरन गप्प. म्हणजे मेहुणा निर्दोष. उगाच संशय घेतला बिचाऱ्यावर. त्याला चहा पाजला. भरून आलं. मला.

२० जून, दुपारी
शेठकडे डेमो. त्यांच्या वॉचमनने पट्टी एका टोकापासून सोलली आणि छान गुंडाळी करून माझ्या हातात दिली. सायरन गप्प. मी म्हटलं, क्वालिटी बघा, ओरखडासुद्धा नाही. शेठ म्हणाले, कळवतो. मनात भरली असणार.

२४ जून
शेठने ऑर्डर दिली. मेहुण्याला! माझ्याच जुन्या, फाटक्या पट्टीची. कपाटातले नमुने त्यानेच नेले. नवी पट्टी सोलून, परत जागच्या जागी चिकटवून. केसाने गळा कापला. पण खरं दुःख पट्टीचं. ती तरी ओरडायला हवी होती.
बायको म्हणाली, तो सांगत होता तेव्हा ऐकलंत का? म्हणजे हिलाही माहीत होतं.
निश्चय: सासरशी संबंध संपला. यापुढे मुक्काम शेडमध्ये.

२५ जून, संध्याकाळी
शेडमध्ये डास फार. तत्त्व म्हणून नव्हे, तब्येत म्हणून घरी गेलो. फाटक ढकललं आणि सायरन बोंबलला. भावाने बहिणीच्या फाटकाला ती जुनी, फाटकी पट्टी लावून दिली होती. अख्खी गल्ली बाहेर. बायकोने खिडकीतून सगळ्यांना सांगितलं, चोर नाही, आमचेच आहेत. मेहुणा धावत आला. विचारतो, दाजी, नीट वाजला ना?
वाजला. पट्टी माझीच होती. मी मान हलवली आणि आत जाऊन जेवायला बसलो.