रेश्माने वाया घालवलेले तास

३ नोव्हेंबर १९९८, सकाळी
आजपासून कोणावर चिडायचे नाही. महिनाअखेर सर लॅबला इन्चार्ज नेमणार. मुरबाडच्या या लॅबमध्ये मला सहा वर्षे झाली. दुसरी कोण, तर किन्हवलीहून एसटीने येणारी रेश्मा. तिला आठ महिने. काळजीचे कारण नाही. बायकोला, म्हणजे मैनाला, इन्चार्जच्या खुर्चीसाठी उशी शिवायला सांगितली.

५ नोव्हेंबर
क्रूड ऑइलचा नवा नमुना आला. दोघांनी तीन-तीन वेळा मोजायचा, ज्याचे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळतील तो इन्चार्ज. सोपे आहे. पोलादी नळीत तेल भरायचे, पंपाने तीनशे बार प्रेशर, एकशेवीस डिग्री हीट, नळी तिरकी करायची, आतली गोळी किती सेकंदांत खाली येते ते बघायचे. तेल दाट तर गोळी सावकाश. मी झोपेतही करीन.

९ नोव्हेंबर, दुपारी
काटा १२० वर टेकला की मी लगेच गोळी सोडतो. अनुभव. आकडे: ४१ सेकंद, ३६, ३३.
तेलात भेसळ असणार.

११ नोव्हेंबर
काटा १२० वर आला तरी रेश्मा स्टुलावर बसून राहते. दोन तास! विचारले, तर म्हणाली, दादा, भायेरचा काटा तापला म्हंजे आतला तेल तापला असा नाय.
मला शिकवते.
तिचे आकडे: २२.४, २२.४, २२.५. लोक म्हणतील काळूराम जळतो. जळत नाही. फक्त डबा खावासा वाटला नाही.

१२ नोव्हेंबर
ठरवले. ती किती वेळ वाया घालवते ते मिनिटासकट लिहायचे. प्रेशर किती, काटा कुठे, बाई किती वेळ बसून. सरांपुढे लेखी पुरावाच ठेवतो.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळी
मैनाने भात उतरवून झाकून ठेवला होता. भूक लागलेली, मी झाकण काढले. ती म्हणाली, जरा दमावर र्‍हाऊ द्या की. तसाच खाल्ला. मधे कच्चा निघाला. यंदाचा तांदूळच वाईट.

१८ नोव्हेंबर
पुरावा पाच पाने झाला. अक्षर मोत्यासारखे. सरांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, असेच लेखी काहीतरी हवे होते. रेश्माची आता कीव येते. इन्चार्ज झाल्यावर तिला सांभाळून घेईन.

२९ नोव्हेंबर
उशी तयार. सुटीचा दिवस होता तरी लॅबवर जाऊन खुर्चीवर ठेवून आलो. दोन मिनिटे बसलोही.

३० नोव्हेंबर
माझी पाच पाने टाइप होऊन भिंतीवर लागली आहेत. वर लिहिले आहे: नमुना मोजण्याची पद्धत. काटा १२० वर आल्यावर दोन तास थांबणे. खाली, पद्धत: रेश्मा, लॅब इन्चार्ज. नोंदी: काळूराम.
सर सगळ्यांसमोर म्हणाले, काळूरामने इतके बारकाईने लिहिले नसते तर ही पद्धत मला कळलीच नसती. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.
रेश्माने पेढा दिला. खुर्चीत बसली आणि म्हणाली, दादा, उशी कोनी शिवली? बरी नरम हाय.
मैनाने, म्हटले.
उद्यापासून नमुने मी मोजायचे. स्टूल कडक आहे. दोन तास बसायचे म्हणजे आणखी एक उशी लागेल. मैनाला काय सांगून मागू, ते सुचत नाही.