ओट्याची उंची

शनिवार, वरकुटे

बारामतीहून इंटिरिअरवाली मुलगी आज स्वयंपाकघर बघायला आली. जुना ओटा पाहून हसली. "काका, एवढा खाली कुणी बांधला?" म्हणालो, "मीच बांधून घेतला. माझी बायको सुमन बुटकी हुती." मग तिनं टेप काढून ओटा मापला.

सुमनला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्याच ओट्यावर वाकून मी भाकरी थापतो आणि रोज कंबर धरते. तरी तो उंच करायला मन का धजत नाही? ओटाच तर आहे.

मुलीनं मला भिंतीपाशी उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला आणि तिथं पेन्सिलीनं खूण केली. "आता हा तुमच्या मापाचा." मी म्हणालो, एका बाजूला थोडा भाग खालीच राहू दे. "तिथं कोण काम करणार, काका?" तिचं काही चुकलं नाही. शेवटी म्हणालो, "सगळाच उंच कर."

संध्याकाळी लेकीला पुण्याला फोन करून सांगितलं. ती आईवरच गेलीय, उंचीसुद्धा तेवढीच. म्हणाली, "आबा, मग माझा हात कसा पुरंल?"

"तू आलीस की मी करीन. तू नुसती बसून जेव."

मग म्हणाली, "तुमी सैपाक करता? मला वाटलं, डबा येतो."

"कधीमधी," मी म्हणालो.