खरवईच्या घराचं जोतं

बाबा,

तुमच्या मुलीने चव्वेचाळिसाव्या वर्षी विद्यापीठात नाव घातलंय, आणि ती काय शिकतेय हे तिला मराठीत धड सांगता येत नाही. प्रवेशाच्या कागदावर 'प्रोजेक्ट रिस्क मॅनेजमेंट' असं आहे. आईने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "एखादं काम हाती घेतलं की त्यात काय काय बिघडेल, त्याचा आधी विचार करायचा." आई म्हणाली, "त्याला कॉलेज कशाला? लग्न झालेल्या कुठल्याही बाईला विचार." तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, याचा मला अंदाज करता येत नाही. तुम्ही बहुतेक काहीच म्हणाला नसतात. नुसतं हसला असतात. त्या हसण्याचा अर्थ काय, हे विचारायलाच खरं तर हे पत्र लिहायला घेतलंय.

आमचे वर्ग रविवारी भरतात. वर्गातली मुलं माझ्या भाच्यांच्या वयाची. अंबरनाथच्या एमआयडीसीत मीही काम करते आणि त्यातली निम्मी मुलंही, पण ती प्लँटवर असतात आणि मी ऑफिसात प्रकल्पांच्या फायली सांभाळते. पहिल्याच तासाला सर म्हणाले, जोखीम म्हणजे जे अजून घडलेलं नाही ते. घडलं की ती जोखीम राहत नाही, मग तिला 'इश्यू' म्हणायचं. मला एकदम जुनं कुणी ओळखीचं भेटल्यासारखं झालं. न्यायदर्शनात यालाच तर प्रागभाव म्हणतात: वस्तू होण्याआधीचं तिचं नसणं, मडकं घडण्याआधीचा मडक्याचा अभाव. बी.ए.ला संस्कृत घेऊन मी त्यावर पानंच्या पानं लिहिली होती, पण त्यानंतर इतक्या वर्षांत मला कुणी प्रागभाव विचारला नव्हता. तास संपल्यावर मी सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "वा मॅडम, छानच. पण पेपरात लिहू नका."

मग सरांनी जोखमीला उत्तर देण्याचे प्रकार सांगितले. ती टाळायची, दुसऱ्याच्या अंगावर ढकलायची, कमी करायची, नाहीतर मुकाट्याने स्वीकारायची. मी वहीत त्यांची परिहार, संक्रमण, उपशम आणि स्वीकार अशी बारशी केली. शेजारच्या मुलीने डोकावून बघितलं आणि विचारलं, "आंटी, ये मंतर है क्या?" मी म्हटलं, हो, रोज सकाळी म्हणायचे. ती पोरगी खरंच विचारात पडली.

खरा घोटाळा झाला तो गृहपाठात. प्रत्येकाने ओळखीचं, पूर्ण झालेलं एक बांधकाम घ्यायचं, आणि बांधणाऱ्याने कुठल्या जोखमी आधी हेरल्या आणि त्यांवर काय उपाय केला, ते लिहायचं. मुलांनी पूल घेतले, टाक्या घेतल्या, एकाने मॉल घेतला. मी आपलं खरवईचं घर घेतलं.

तुम्हाला ते जोतं आठवत असेलच. आळीतली सगळी घरं रस्त्याच्या बरोबरीने, आणि आपलं घर टेकाडावर बसवल्यासारखं. मी तेव्हा शाळेत होते. येणारा-जाणारा खाली उभा राहून विचारायचा, "काय हो, घर बांधताय की विहार?" पौर्णिमेला वंदनेला सगळे जमले की तिथेही तोच विषय. तुम्ही कारखान्यातून येऊन, डबा हातात तसाच धरून ते ऐकायचात आणि हसायचात. पायऱ्या इतक्या, की आजीला वर चढवायला दोघं लागायची. आणि मग दोन हजार पाचच्या जुलैत मागचा नाला फुगून आळीत शिरला. लोकांच्या घरात कमरेएवढं पाणी, आणि आपल्या घरात ते आलंच नाही. उंबऱ्याच्या खालच्या पायरीपर्यंत आलं, तिथे घुटमळलं आणि थांबलं. सगळी आळी आपल्या घरात. मी अंबरनाथहून फोन लावतेय तर लागत नाही. शेवटी लागला तेव्हा आई म्हणतेय, "मला काय धाड भरलीय? इथे माणसं किती बसलीत, चहा पुरत नाही."

त्या दिवसापासून, बाबा, तुम्ही आळीत मोठे झालात. "त्या माणसाला तेव्हाच दिसलं होतं" असं जो तो म्हणतो. मीही गृहपाठात तेच लिहिलं. जोखीम: नाल्याचा पूर. उपाय: जोतं उंच. सर खूश झाले, कागदावर 'उत्तम दूरदृष्टी' असा शेरा मारला आणि म्हणाले, आता त्या कामावरचा कुणी माणूस असेल तर त्याच्याशी बोला, म्हणजे अहवाल पक्का होईल.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. अडचण आईची होती. आपला धाकटा, माझा भाऊ, आता उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये राहतो, खाली जीन्स शिवायचा कारखाना आणि वर तिसऱ्या मजल्यावर हे लोक. तो दोन वर्षं आईच्या मागे लागलाय की पावसाळ्याचे चार महिने तरी माझ्याकडे ये. कारण आळी आता ती राहिलेली नाही. आजूबाजूला नव्या इमारती आल्या, प्रत्येकाने आपापला भराव टाकून जमीन उचलून घेतली, नाला अरुंद झाला. रस्ता तर दर निवडणुकीला वर येतो. आपल्या पायऱ्या एकेक करून डांबराखाली गेल्या, आणि राहिल्यात त्या आता आजी एकटीसुद्धा चढली असती. घर तिथेच आहे, पण टेकाड खड्ड्यात गेलंय. पुन्हा तेवढं पाणी आलं तर ते उंबऱ्यापाशी घुटमळणार नाही, हे कळायला मला विद्यापीठ लागलं नाही. पण आईला सांगितलं की तिचं एकच उत्तर: "तुझ्या बाबांनी जोतं उगाच नाही चढवलं." पुढे बोलायची सोय नाही. तुमच्याशी वाद घालून कोण जिंकणार?

आपलं घर बांधणाऱ्या गवंडीमामांना मी शोधून काढलं. ते आता थकलेत, बदलापूर गावात लेकाकडे असतात. मला बघून म्हणाले, "पोरी, तुजा बापूस लय गरीब मानूस." मी विचारलं, मामा, पुराचा अंदाज घेऊनच बाबांनी जोतं उंच करायला सांगितलं ना? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अशुभ बोलले.

"कसला पूर? मुरुमाचं टरक चुकून आलं व्हतं."

"चुकून म्हणजे?"

"बाजूचा पलाट त्या शेठचा व्हता ना, कॅम्प दोनवाला. मुरूम त्याचा. डायवरला कोपऱ्यावरचा पलाट सांगितलेला. आता कोपऱ्यावर दोन पलाट. तो दिसभर आपल्याकंच वतत बसला. तुजा बापूस संध्याकाळी कामावरनं आला, तर घराच्या जागी डोंगर! मला बोलला, हे कोनी मागवलं? मी बोललो, तुमीच मागवलं असंल. त्यो बोलला, असंल."

"असंल?"

"असंल. झालं. दुसरे दिशी आमी चोपून बसवला. मग शेठ आला, हसाया लागला. बोलला, चलो, जो चढ़ गया सो चढ़ गया, अब इसी पे मकान बना लो."

मी रिक्षात बसून घरी आले ते बाबा, मला राग आला होता की हसू येत होतं, अजून सांगता येणार नाही. शंका एकदा शिरली की ती जोत्यापाशी थांबते थोडीच. मला वाटायला लागलं, मग संस्कृतचं काय? आठवीला तुम्ही मला संस्कृत घेऊन दिलंत, त्याचं विहारात केवढं कौतुक झालं. आपल्या वस्तीतली पहिली पोरगी, बाप किती जिद्दीचा, ज्यांना ती भाषा कानावर पडू दिली नाही त्यांची नात ती पाठ म्हणते. मी हे ऐकतच वाढले. माझं सगळं आयुष्य मी त्या जिद्दीवर बांधलं. आणि तुम्ही तेव्हाही नुसते हसला होतात. आता मला आठवतं, त्या जूनमध्ये शाळेच्या खिडकीपाशी कारकून म्हणत होते की हिंदीची तुकडी भरली, संस्कृतमध्ये जागा आहे, चालेल का? आणि तुम्ही म्हणालात, "चालेल." एवढंच. तो निर्धार होता की तेही 'असंल'च होतं?

गृहपाठ बाजूला राहिला. मला आईला सांगावं लागणार होतं, आणि सांगवत नव्हतं. तुमचं नाव खाली उतरवून तिला घराबाहेर काढायचं, हा उपाय कुठल्या प्रकारात बसतो ते सरांनाही सांगता आलं नसतं. पण मे संपत आला होता. मी खरवईला गेले तर आई पावसाळ्यासाठी सुके बोंबील निवडत बसलेली, मांडीवर जुनं वर्तमानपत्र. मी तिच्यासमोर बसले, दोन बोंबलांची डोकी मोडली आणि म्हटलं, "आई, हे जोतं बाबांनी ठरवून केलेलं नाही. चुकून झालंय. ट्रक दुसऱ्याचा होता."

तिने मानही वर केली नाही. "मग? त्या डायव्हरला 'इथंच ओत' कोणी सांगितलं? मीच ना. मला वाटलं ह्यांनी मागवलाय. ह्यांना वाटलं मी मागवलाय."

"तुला माहीत होतं?"

"घर माझं, मला नाही माहीत तर कोणाला?"

"मग इतकी वर्षं बाबांनी चढवलं, बाबांनी चढवलं, हे काय लावलंयस?"

"त्यांचं नाव घेतलं की तुम्ही दोघं गप्प बसता," आई म्हणाली. "माझं कोण ऐकतं?"

मी आणखी एका बोंबलाचं डोकं मोडलं. बोंबलांचा वास, पंख्याची घरघर, आणि बाहेर कुठेतरी नव्या इमारतीचं काम चाललेलं. मग मी विचारलं, बाबा असते तर त्यांनी काय केलं असतं? थांबले असते?

"ते?" आई हसली, आणि बाबा, ती तुम्ही गेल्यानंतर तुमच्यावर अशी हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. "पहिला ढग दिसला की माझ्याआधी पिशवी भरून दारात. अगं, किती घाबरायचा तो माणूस. तुला ताप आला की रात्रभर खाटेभोवती फेऱ्या. कारखान्यात भोंगा वेळेआधी झाला की ह्यांचे हातपाय गार. कोणी काही विचारलं की आधी हसायचे, म्हणजे समोरच्याला कळू नये."

मी विचारलं, मग तू का थांबतेस? ती म्हणाली, तिसऱ्या मजल्यावर तिला करमत नाही. मशिनींची खडखड, ओळखीचं कुणी नाही, सूनबाई कामावर, आणि शेजारी बोलतात ते अर्धं तिला कळत नाही. एवढंच. इतकं साधं कारण सांगितलं असतं तर आम्ही तिला एका दमात उडवून लावलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग तिने कागदाची घडी केली, कचरा आत गुंडाळला आणि म्हणाली, "आता तू ते ट्रकचं काढलंस. म्हणजे बोलायला काही ठेवलं नाहीस. सांग त्याला, रविवारी टेम्पो आण म्हणावं."

समोरच्या वहिनीला तिने गल्लीतून ओरडून सांगितलं, "या वर्षी पाणी आलं तर आमच्या घरात बसू नका हो, नव्या बिल्डिंगच्या गच्चीवर जा. आमचं जोतं आता काही कामाचं नाही." वहिनी म्हणाली, "असं कसं, दादांनी बांधलंय!" आई म्हणाली, "दादा स्वतः गच्चीवर गेले असते."

ती आता कॅम्प तीनला आहे. खिडकीत बसते, खालच्या मशिनींना शिव्या देते. मला जे हवं होतं ते मी मिळवलं आणि तरी मला नीट कळत नाही की मी तिला वाचवलं की तिच्याकडची शेवटची वस्तू काढून घेतली. अहवालात 'उंच जोत्याचं कारण' या रकान्यात मी 'अनिश्चित' असं लिहिलं. सर म्हणाले, मॅडम, काम होऊन तीस वर्षं झाली, आता तरी निश्चित लिहा. मी तसंच ठेवलं. गुण बरे पडले. त्याचंही कारण मला माहीत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही ते वाचून पुन्हा हसला असतात आणि मी पुन्हा बुचकळ्यात पडले असते. पण एक सांगते. मलाही भीती वाटते, बाबा. सगळ्याचीच, लहानपणापासून. आपल्या घरात माझ्या एकटीलाच वाटते अशी समजूत होती, म्हणून कधी कुणाला बोलले नाही. आईने तुमचं सांगितलं त्या दिवशी मी तिच्यासमोर गंभीर चेहरा करून बसले होते, आणि आतून मला इतकं बरं वाटत होतं.