लॉन्ड्रीच्या ॲपमधलं तुझं पान

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात; पाठ धरली आहे.) तुझी सर्दी, भाऊजींचा गुडघा आणि तुमचा अबोला, सगळं बरं असेल. मावशीला सांग, मी वेळेवर जेवतो. म्हणजे, जेवतो.

पत्रास कारण आपलं ॲप. लॉन्ड्रीवाल्या काकांच्या दुकानावरची ती खोली आठवते? खालून इस्त्रीची वाफ यायची आणि वर आपण भांडायचो. कपड्यांचे फोटो काढायचा भाग मी फोनच्या स्वतःच्या भाषेत, म्हणजे नेटिव्ह, लिहिला. दर आणि सूचनांचं पान तू वेबवर केलंस, ते मी ॲपला खिडकी पाडून आत बसवलं. काही बदललं की तू घरबसल्या दोन ओळी फिरवून मोकळी. मला मात्र टिकलीएवढ्या दुरुस्तीसाठी अख्खं ॲप पुन्हा ॲप स्टोअरच्या मंजुरीला पाठवावं लागायचं. (तेव्हा तू चहा पीत हसायचीस. ते हसणं मला अजून ऐकू येतं.)

तर मध्यंतरी मला अवदसा आठवली. तुझं पान उघडायला रेंगाळतं म्हणून ते काढलं आणि लोण्यासारखं सरकणारं माझं नेटिव्ह पान घातलं. काकांनी बोट फिरवून कौतुक केलं आणि म्हणाले, बुधवारी पाणी नाही, तेवढं टाक. मी टाकलं. मंजुरी येईपर्यंत बुधवार उलटला. लोक चादरींची गाठोडी घेऊन येऊन चडफडत परत गेले. सूचना पोचली ती नंतर. मग पुढच्या बुधवारी पाणी धो धो, आणि दुकानात चिटपाखरू नाही.

काका रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "तिचं पान परत लाव. ते उघडतं सावकाश, पण येतं वेळेवर."

लावलं. मला वाटलं, आत जुनेपुराणे दर असतील. तर सगळे आजचे, आणि वर सूचना, "पाणी आहे, या." मी चाटच पडलो. तू तर हे काम कधीच सोडलंस ना? तेव्हा काकांनी सांगितलं की तू त्यांना दर रविवारी फोन करतेस आणि ते सांगतील तसं पान बदलतेस.

मी वर गेलो. तुझ्या खुर्चीवर हल्ली हँगरांचा ढीग असतो. तो खाली ठेवला आणि जरा बसलो.

तुझा धाकटा,
नेटिव्ह (नाव तूच ठेवलंयस)

ता.क. मला अजिबात वाईट वाटलेलं नाही.

ता.ता.क. काकांना रविवारी फोन करतेस, तर शनिवारी मी मोकळा असतो. सोमवारीही असतो.