कालवडीच्या गळ्यातली घुंगरमाळ

बाबा, काल टीव्हीवर एक तरुण पशुवैद्य हसत हसत सांगत होता की कालवड भरवणं, म्हणजे नळीने वीर्य सोडून तिला गाभण करणं, हे पाच मिनिटांचं काम. मी टीव्ही बंद केला. नातीने कारण विचारलं तर तिच्यावरच खेकसले. तुम्ही डॉक्टर होतात त्या गुरांच्या फार्मवर त्या कामाचा काय धाक होता, हे या पोराला कोण सांगणार?

मी तेव्हा नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये होते. प्रजननाचा धडा आला की आमच्या सिस्टर सरळ पुढचं पान उलटायच्या, आणि सुट्टीत भंडाऱ्याकडे आले की तुम्ही मला खोड्यापाशी, जनावर अडकवायच्या लाकडी चौकटीपाशी, उभं करायचात. त्या दिवाळीत सगळे गडी आपापलं धान कापायला गेलेले. "दोर धर," तुम्ही म्हणालात. "काहीही झालं तरी सोडायचा नाही." मला भीती वाटते का, हे विचारलं नाहीत. वाटत होती.

जर्सी संकराची ती कालवड नुकतीच बाहेरून आणलेली. शेपटीला हात लागला तरी लाथ झाडायची. गोठा सांभाळणाऱ्या मावशीने तिला धुऊन कुंकू लावलं होतं आणि गळ्यात घुंगरमाळ बांधली होती. पहिल्यांदा भरवायच्या प्रत्येक कालवडीला ती असंच नटवायची. आपल्या गोठ्यात वाढलेल्यांना त्या आवाजाची सवय होती. हिने घुंगरू कधी ऐकलेच नव्हते, आणि हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

"नवरदेव नाही, वरात नाही, थर्मासातून लगन लावता पोरीचं," मावशी म्हणाली. "आता घुंगरूबी नको म्हनता का, डाक्टरसायेब?"

तुम्ही हसलात. थर्मासातल्या वीर्याभोवतीचा बर्फ वितळत होता, तुम्हाला घाई होती. "राहू दे," म्हणालात.

तुमचा डावा हात कोपरापर्यंत तिच्या आत आहे. ती अंग झाडते, माळ वाजते. माळ वाजली की ती दचकते आणि आणखी जोरात अंग झाडते. तिच्या डोळ्यांतलं पांढरं मला दिसतंय. एकाएकी तिचे मागचे पाय दुमडतात आणि ती खाली बसायला लागते, तुमच्या हातासकट, खोड्याच्या मागच्या आडव्या लाकडी बल्लीवर.

"सायेबाचा हात मोडते वो!" मावशी ओरडते. तुम्ही ओरडत नाही. तुमचं तोंड उघडं आहे आणि आवाज नाही.

मी दोर सोडला आणि ती माळ दोन्ही मुठींत आवळून धरली. शिंग माझ्या कानाजवळून गेलं. घुंगरू गप्प झाले. तिची थरथर माझ्या मनगटांतून खांद्यापर्यंत चढली, पण ती उठली. तुम्ही हात बाहेर काढलात, काळानिळा पण शाबूत.

आणि पहिलं वाक्य काय बोललात? "दोर काहून सोडला? डोळा गेला असता म्हणजे? सांगितलेलं ऐकायला शिकवत नाहीत काय त्या इंग्रजी शाळेत?"

"पोरीनं हात वाचवला ना तुमचा," मावशी पुटपुटली. तिलाही गप्प केलंत. बाबा, पुढे नोकरीत मी नाना तऱ्हेचे साहेब झेलले, पण इतका उघड अन्याय फार थोड्यांना जमला.

मग चहा आला. तुमचा कप बशीवर वाजायला लागला, बारीक, थांबून थांबून. तुम्ही दुसऱ्या हाताने तो दाबून धरलात आणि मी पाहिलं का, म्हणून माझ्याकडे बघितलंत. मी गव्हाणीकडे बघत राहिले. तोवर मी समजत होते की त्या गोठ्यात मी एकटीच घाबरलेली असते. तुम्ही घाबरत नाही, त्याच भरवशावर तर दोर धरून उभी राहायचे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

या पत्राला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. तुम्ही आधी ऱ्हस्वदीर्घ तपासले असते. तुमच्या त्या बोलण्याचा राग मी मागे घेत नाही. फक्त एवढंच, की आजही घरात कुणाचा कप बशीवर वाजला की मी तो त्याच्या हातातून काढून घेते. सगळ्यांना वाटतं, मला कपबशांची फार काळजी.