आईने घेतलेली उजळणी

प्रिय दादा,

फोनवर हे सांगायला घेतलं असतं तर मी मध्येच रडले असते आणि तू 'बरं, मग बोलू' म्हणून ठेवून दिला असतास. म्हणून कागद घेतला. आईची तब्येत बरी आहे, घाबरू नकोस. जेवते पोटभर, झोपही लागते. बोलण्याचं मात्र तू पाहून गेलास तसंच. वाचेचे व्यायाम घ्यायला बाई येतात, त्या चित्रांची कार्डं समोर धरतात. कप दाखवला की आई ओठ जुळवते आणि भलतंच बोलून जाते. डॉक्टर म्हणाले होते ना, शब्दांची अदलाबदल झालीय, मनाला लावून घेऊ नका. मी घेतलं होतं. पक्षाघाताचा झटका आल्यापासून, गेले सहा महिने ती मला 'खुंटी' म्हणते. पडदा सारायला गेले की खुंटी, औषध द्यायला गेले की खुंटी. तुला कधी सांगितलं नाही, पण एकदा मी न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं. पोटच्या पोरीचं नाव पुसलं जावं आणि तिथे भिंतीतली खुंटी यावी?

गेल्या रविवारी सकाळची गोष्ट. आमच्या टकळीची दहावीची परीक्षा तोंडावर आलीय. इंग्रजीच्या पेपरात अलंकार हमखास येतात आणि तिथेच तिची गाडी अडते. मी आईच्या खोलीत इस्त्री करत होते, म्हणून तीही वही घेऊन तिथेच फतकल मारून बसली. मी वाक्य वाचायचं, तिने अलंकार ओळखायचा. सिमिली आणि मेटॅफर, म्हणजे आपल्या उपमा-रूपकातला फरक तिला 'सारखा' हा शब्द दिसला तरच कळतो. नाहीतर सगळंच मेटॅफर. आई खिडकीकडे तोंड करून खुर्चीत होती. बत्तीस वर्षं तिने हायस्कुलात हेच शिकवलं. पण तिला विचारावं, असं आम्हा मायलेकींपैकी एकीच्याही मनात आलं नाही. तिच्यासमोर तिच्याचबद्दल, ती तिथे नसल्यासारखं बोलायची सवयच लागलीय आपल्याला.

वाऱ्याने दार ठोठावलं, असं एक वाक्य होतं. टकळीने नेहमीप्रमाणे मेटॅफर ठोकून दिलं. तर खुर्चीतून आवाज आला, "नाही."

आईने मान वळवली, नातीकडे पाहिलं आणि एकेक शब्द विहिरीतून शेंदावा तसा काढला. "वारा... माणूस."

टकळी हळूच म्हणाली, "पर्सॉनिफिकेशन?" आणि आईने मान डोलावली, दादा, अगदी तशी, शेवटच्या बाकावरून एकदाचं बरोबर उत्तर आल्यावर डोलवायची तशी. तोवर तुझ्या मेहुण्यांचा शर्ट इस्त्रीखाली होरपळला होता.

मग पोरगी थांबतेय कसली. तिने हायपरबोली विचारलं, म्हणजे अतिशयोक्ती. आईने माझ्या कपड्यांच्या ढिगाकडे बोट केलं आणि म्हणाली, "आभाळाला." मग टकळीने आयरनी विचारलं, म्हणजे दैवाचा उपरोध. आईने मान पुन्हा खिडकीकडे वळवली. मला वाटलं, दमली, आता पुरे. पण तिने टेबलावरच्या त्या कपबशीच्या, बदकाच्या कार्डांकडे बोट नेलं, मग तेच बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं. "इंग्रजीची... बाई," ती म्हणाली आणि हसली. खरंखुरं, मिश्कील हसली. इतके महिने आपण ज्या घराला रिकामं समजून बाहेरून कडी घातली होती, त्यात ती दिवा लावून शांत बसली होती.

त्या दिवसापासून टकळीने आजीच्या शब्दांची वहीच केलीय. उशी म्हणजे ढग, हे तर कुणालाही कळलं असतं. भिंतीवरच्या घड्याळाला ती उंदीर म्हणते; दुपारी एकटा त्याच्यासमोर बसून पाहा, कसं कुरतडत असतं ते. आणि खुंटी. टकळीने वहीत शांतपणे लिहिलं, 'जिच्यावर घरातले सगळे आपापलं ओझं टांगतात ती.' मी पुन्हा न्हाणीघरात गेले आणि पुन्हा नळ सोडला. वाचेच्या बाईंना वही दाखवली तर त्या चष्मा काढून बसल्या. प्रत्येक शब्दात अर्थ शोधू नका, असंही त्या म्हणाल्या आणि ते खरंच आहे. चमच्याला आई 'मंगळवार' म्हणते. टकळीने त्यावर दोन दिवस डोकं खाजवलं. त्यात काहीही नाही, तो नुसता चुकलेला शब्द आहे. पण मला आता चुकलेल्या शब्दापाशीही जरा थांबावंसं वाटतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तू आलास त्या दिवशी तिने तुझ्याकडे पाहून तोंड फिरवलं. आई आपल्याला ओळखत नाही, मग येऊन काय करायचं, असं तू म्हणालास. आणि मीही 'खरंय' म्हणाले. माझी चूक झाली. काल टकळीने तिला तुझा फोटो दाखवून विचारलं, हा कोण? आईने तोंड फिरवलं नाही. तिने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, झटका आल्यापासून निपचित पडलेला, आणि म्हणाली, "हा." मग त्याला मांडीवर घेऊन नेहमीसारखी चोळत बसली. रोज चोळते ती त्याला, सकाळ-संध्याकाळ. हालचाल काही नाही, पण एकही दिवस चुकवत नाही. टकळीने वहीत त्यापुढे काही लिहिलं नाही. मीही अर्थ सांगत नाही. तू ये.

तुझीच,
धाकटी